माशाच्या पाण्यावरील भाजी आणि सेंद्रिय दाखला



मागे एका अंकात 'जोडधंदे' या सदरात आम्ही अ‍ॅक्वापॉनिक्सविषयी, म्हणजे माशांच्या टाकीतील पाण्यावर मातीशिवाय भाजी वाढविण्याच्या पद्धतीविषयी, चार ओळी छापल्या होत्या. त्यात 'ही भाजी पूर्णपणे सेंद्रिय असते' असे एक वाक्य आमच्या हातून गेले. ते वाक्य चुकीचे होते. नुसते चुकीचे असते तर पुढच्या अंकात दोन ओळींचा खुलासा करून भागले असते. पण आमच्या कार्यक्षेत्रातील एका तरुण सभासदाने ते कात्रण जपून ठेवले, बँकेचे कर्ज काढले, तीन गुंठ्यांवर शेडनेट उभे केले, टाक्या बसविल्या, आणि पहिला माल घेऊन पुण्याला एका दुकानदाराकडे गेला. दुकानदाराने पाला हातात घेतला, उलटून पाहिला, खूषही झाला, आणि मग विचारले, "सर्टिफिकेट कुठाय?"

तिथून पुढची कथा आपल्यापैकी पुष्कळांच्या परिचयाची असेल. एक मध्यस्थ भेटला. त्याने पैसे घेतले, भाजीचा नमुना प्रयोगशाळेत पाठविला आणि गोल शिक्क्याचा एक कागद आणून दिला. कागदावर लिहिले होते की नमुन्यात कीटकनाशकाचा अंश आढळला नाही. ते खरेच होते. पण दुकानदाराने कागद परत केला. सभासद तो कागद आणि आमचे कात्रण अशी दोन्ही घेऊन शेतकी कचेरीत आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, "साहेब, खत नाही, औषध नाही, माशाच्या पाण्यात वाढलीया. मग ही सेंद्रिय नाही तर काय हाय?"

प्रश्न रास्त होता, आणि आमच्याकडे त्या दिवशी त्याचे सरळ उत्तर नव्हते. ते शोधून काढून येथे देत आहोत.

टाकीत काय घडते

मासा जे खातो त्यातील नत्राचा मोठा भाग अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. हा अमोनिया साचला तर मासा मरतो. पण टाकीच्या बाजूला खडीचा वाफा किंवा गाळणीचे पिंप असेल, तर तेथे जिवाणूंची वस्ती होते. एक जातीचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट भाजीची मुळे उचलतात. पाणी स्वच्छ होऊन परत माशांकडे जाते. आपण उसाला युरिया टाकतो तेव्हा रानात शेवटी हेच जिवाणू हेच काम करतात. येथे ते पिंपात करतात एवढेच. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा दम न धरता पहिल्याच दिवशी टाकी माशांनी भरणाऱ्याचे मासे उलटे तरंगतात.

येथवर सगळे ठीक. आता 'खत नाही' या बोलण्याचा हिशेब करू. अमेरिकेच्या ताब्यातील व्हर्जिन बेटांवरील विद्यापीठात जेम्स राकोसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले. तरंगत्या वाफ्यांसाठी त्यांनी बसविलेले प्रमाण जगभर वापरतात: वाफ्याच्या दर चौरस मीटरला दिवसाकाठी ६० ते १०० ग्रॅम माशांचे खाद्य. आपला गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. म्हणजे एका गुंठ्याच्या वाफ्याला रोज सहा ते दहा किलो, आणि महिन्याला मध्यम धरले तरी २४० किलो खाद्य लागते. खाद्यात ३२ टक्के प्रथिने असतील तर त्यात पाच टक्क्यांच्या आसपास नत्र असते. म्हणजे महिन्याला सुमारे १२ किलो नत्र आपण टाकीत ओततो. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २१ किलोच्या आसपास नत्र असते. मग महिन्याला अर्ध्या गोणीहून अधिक नत्र गेलेच की नाही! त्यातला चौथा-तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो, बाकीचा पाण्यात येतो. खत नाही असे नाही. खताची गोणी गेली आणि खाद्याची गोणी आली.

ही काही निंदा नव्हे. ती गोणी युरियापेक्षा बरी, हे आम्हांला मान्य आहे. शिवाय मासा हा एक कडक राखणदार आहे. पायरेथ्रम हे फुलांपासून काढलेले औषध सेंद्रिय शेतीत वापरतात, पण ते माशाला जहाल विष आहे. निंबोळी अर्कही टाकीच्या आसपास जपूनच फवारावा लागतो. म्हणजे या माणसाला लबाडी करायची झाली तरी मासे करू देणार नाहीत. पण दाखला देणारा माशाची साक्ष घेत नाही, तो वहीची घेतो.

दाखला कशाचा असतो

येथेच सगळा घोटाळा आहे, आणि तो आमच्याही डोक्यात होता. उसाचा उतारा प्रयोगशाळेत निघतो. सेंद्रियपणा निघत नाही. नमुन्यात विषाचा अंश नाही एवढेच प्रयोगशाळा सांगू शकते. सेंद्रिय दाखला मालाच्या शुद्धतेचा नसून माल ज्या वाटेने आला त्या वाटेचा असतो: जमीन कोणती, तिच्यात गेल्या दोन-तीन वर्षांत काय पडले, बी कुठले, बाहेरून काय आणले, त्याची पावती कुठे आहे, शेजाऱ्याने काय फवारले, माल कोणत्या पोत्यात भरला. तपासनीस येतो तो ही वाट उलटी चालत जाण्यासाठी. मध्यस्थाने आपल्या सभासदाला दिलेला कागद खोटा नव्हता, पण तो भलत्याच गोष्टीचा दाखला होता.

आता वाट मातीतूनच गेली पाहिजे का? हा प्रश्न आपल्याच शिवारात पहिल्यांदा पडला असे नाही. अमेरिकेत यावर मोठे भांडण झाले आणि ते कोर्टापर्यंत गेले. तेथे सेंद्रिय मालाचा कायदा १९९० साली झाला. कायद्याने एक १५ जणांचे सल्लागार मंडळ नेमले. या मंडळाने १९९५ साली म्हटले की मातीविना घेतलेले पीकही कायद्याच्या सर्व अटी पाळल्या तर सेंद्रिय म्हणता येईल. २०१० साली त्याच मंडळाने उलट शिफारस केली. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे मंडळ बसले, तेव्हा पाण्यावरील शेतीला बंदी घालण्याचा ठराव आठ विरुद्ध सात मतांनी पडला. अ‍ॅक्वापॉनिक्सवर बंदी घालण्याचा वेगळा ठराव होता, तोही पडला. जुन्या मातीवाल्या शेतकऱ्यांना हे इतके झोंबले की २०१८ साली त्यांनी 'रिअल ऑर्गॅनिक प्रोजेक्ट' नावाने स्वतःची वेगळी खूण काढली. ती फक्त मातीत पिकविणाऱ्यालाच मिळते. प्रकरण कोर्टात गेले. २०२१ साली खालच्या कोर्टाने आणि २०२२ साली अपील कोर्टाने सरकारी खात्याच्या बाजूने निकाल दिला. सबब अमेरिकेत अ‍ॅक्वापॉनिक्सच्या भाजीला आज सेंद्रिय दाखला मिळू शकतो.

युरोपात मात्र याच्या बरोबर उलटे आहे. १ जानेवारी २०२२ पासून तेथे जो नवा कायदा लागू झाला त्यात स्पष्ट आहे की, जे पीक निसर्गतःच पाण्यात वाढते ते सोडून बाकी सर्व सेंद्रिय पिके जिवंत मातीत, खालच्या थराशी जोडलेल्या जमिनीत घेतली पाहिजेत. पाण्यावरील शेतीला सेंद्रिय म्हणण्यास त्यापूर्वीच्या कायद्यातही बंदी होतीच.

दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. पाणीवाले म्हणतात, आम्ही पाणी वाचवतो, विष वापरत नाही, जिवाणूंवरच आमचे सगळे चालते. मातीवाले म्हणतात, सेंद्रिय शेती म्हणजे रोपाला पोसणे नव्हे, मातीला पोसणे. ज्याच्याकडे मातीच नाही त्याने तो शब्द घेऊ नये. आमचे मत विचाराल तर ते दुसऱ्या बाजूला झुकते. ज्यांनी चोपण झालेले रान पाचट कुजवून, ताग-धैंचा गाडून पाच-सहा वर्षांत वळणावर आणले, त्यांना आणि प्लॅस्टिकच्या टाकीला एकच शिक्का द्यायचा हे मनाला पटत नाही. पण आमच्या मताने कुणाचे कर्ज फिटत नाही, म्हणून पुढे चलू.

जेथे मिळतो तेथेही सुखासुखी मिळत नाही

अमेरिकेत चालते म्हणजे टाकी बांधली की दाखला आला, असे कुणी समजू नये. तेथील नियमाचा कणा एका वाक्यात सांगता येतो: निसर्गातली वस्तू निषिद्ध यादीत नाव नसेल तर चालते, आणि कारखान्यात तयार केलेली वस्तू मान्य यादीत नाव असेल तरच चालते. नैसर्गिक म्हणजे चालणारच असेही नाही. आपल्याकडे तंबाखूची पूड किडीवर मारीत असत. ती निसर्गातलीच, पण तेथील निषिद्ध यादीत तिचे नाव आहे.

या नियमावर टाकी घासून पाहा. जिवाणूंच्या कामामुळे पाणी हळूहळू आंबट होते. फार आंबट झाले तर जिवाणूच थंडावतात, म्हणून सामू सातच्या आसपास राखावा लागतो. व्हर्जिन बेटांवर त्यासाठी विरलेला चुना आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड आलटून पालटून टाकीत. माशांना चांगले, भाजीला चांगले. पण ही कारखान्यातली रसायने आहेत, आणि तपासनीस पहिला हात त्यांच्याच बरणीला घालतो. खाणीतली चुनखडी वेगळी, भट्टीतून निघालेला चुना वेगळा. माशांच्या खाद्यात लोह पुरेसे नसते, त्यामुळे पाला पिवळा पडतो आणि लोहाचे चिलेट घालावे लागते. ते कोणते, कमतरता सिद्ध केली होती का, हे विचारले जाते. खाद्याच्या पोत्यावर काय लिहिले आहे, सोयापेंड कुठली, टिकण्यासाठी काय घातले, हे प्रश्न आहेतच. बी औषध चोळलेले असून चालत नाही. टाकीला लावलेले लाकूड आर्सेनिकच्या औषधात बुडविलेले असेल तर तेही अडते. जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची टाकी तर दाखल्याआधी माशांनाच बाधते.

आणखी एक गोष्ट. जमिनीवर निषिद्ध वस्तू पडल्यापासून तीन वर्षे गेल्याशिवाय तेथील मालाला सेंद्रिय म्हणता येत नाही. टाकी-कुंडीवाले म्हणत, आमची मुळे जमिनीला लागतच नाहीत, मग तीन वर्षे कशाला? जून २०१९ मध्ये तेथील कृषिखात्याने खुलासा केला की जमिनीवर मांडलेल्या टाक्या-कुंड्यांनाही हीच अट आहे. आणि एवढे सगळे करून दाखला मिळतो तो भाजीला. माशाला नाही! पाळलेल्या माशांसाठी सेंद्रिय नियमच तेथे लागू झालेले नाहीत. म्हणजे एकाच पाण्यातला पाला सेंद्रिय आणि मासा बिनशिक्क्याचा. आमचा सभासद हे ऐकून बराच वेळ हसला. त्या दिवशी तेवढाच हसला.

आपल्याकडे काय

आपल्या देशात दोन रस्ते आहेत. पहिला राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम. तो २००१ साली वाणिज्य मंत्रालयाने सुरू केला, त्याचे काम 'अपेडा' पाहते, आणि मान्यता दिलेल्या संस्था पैसे घेऊन तपासणी करतात. यात शेतकऱ्यांचा गट करता येतो; गटात २५ ते ५०० शेतकरी असतात. दुसरा रस्ता केंद्रीय कृषी मंत्रालयाचा सहभाग हमी पद्धतीचा, ज्याला 'पीजीएस' म्हणतात. यात शेजारशेजारचे किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेते तपासतात आणि एकमेकांची हमी घेतात. भरमसाट फी नाही. पण शेजाऱ्याची चूक झाकली तर गट बुडतो.

अन्नसुरक्षेचे सेंद्रिय मालाविषयीचे नियम २०१७ साली झाले. या दोनपैकी एका रस्त्याने दाखला नसेल तर मालावर 'सेंद्रिय' शब्द घालून विकता येत नाही. ज्याची वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत आहे असा शेतकरी स्वतः खाणाऱ्याच्या हातात माल देत असेल तर त्याला सवलत ठेवली आहे. मध्ये दुकानदार आला की सवलत संपली. पुण्याच्या दुकानदाराने कागद परत केला तो हट्टाने नव्हे.

आता हे दोन्ही रस्ते जमिनीवरून जातात. अर्जात गट नंबर लागतो. राष्ट्रीय कार्यक्रमात हंगामी पिकाला पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि बहुवर्षायु पिकाला पहिल्या तोडणीपूर्वी तीन वर्षे संक्रमणकाळ मोजतात, तो जमिनीचा मोजतात. मत्स्यपालनाचे नियम त्यात आहेत, पण ते माशांचे. मातीविना वाढलेल्या भाजीला येथे शिक्का मिळेल असे धरून कुणीही कर्ज काढू नये, असे आमचे स्पष्ट सांगणे आहे. ज्याला करायचेच आहे त्याने आधी मान्यताप्राप्त संस्थेला पत्र लिहून लेखी उत्तर घ्यावे, आणि मगच खड्डा खणावा. 'अमेरिकेत चालतंय ना, मग तिकडं पाठवू' असेही एक-दोघे म्हणाले. आपल्या दाखल्याला अमेरिकेने २००६ पासून दिलेली मान्यता २०२१ साली काढून घेतली आणि बदलासाठी दिलेली मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. तेव्हा तिकडे माल पाठवायचा तर थेट त्यांच्या नियमाचा दाखला घ्यावा लागतो. चार पाट्या कोथिंबिरीसाठी हा खटाटोप परवडायचा नाही.

मग उभ्या टाक्यांचे काय करायचे? आम्ही आणि तो सभासद दोन संध्याकाळी बसून एक तोड काढली. टाकीचे पाणी मातीत उतरवायचे. शेडनेटच्या लगत त्याचे दहा गुंठे रान आहे. टाकीच्या तळाचा गाळ आणि रोजचे बदललेले पाणी आता त्या रानात मेथी, चाकवत आणि गवार यांना जाते. हे पाणी बाहेरून दिलेले खत म्हणूनच धरले जाणार, म्हणून खाद्याच्या प्रत्येक पोत्याची पावती आणि लेबल वहीत चिकटवायचे आणि गटाची संमती आधी घ्यायची. दहा गुंठ्यांत शेवटचे रासायनिक खत कधी पडले याची तारीख त्याच्याकडे नव्हती. सोसायटीच्या उचलीच्या नोंदीवरून ती काढली. तेव्हापासूनचे दिवस मोजणे सुरू आहे. शेडमधला पाला तो 'माशाच्या पाण्यावरची भाजी' एवढेच लिहून विकतो. दर कमी मिळतो. आमच्यावर त्याचा राग आहे, आणि तो असण्यास जागा आहे.

खरी अडचण बांधावर आहे. त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. उसात रुंद पानाच्या तणासाठी २,४-डी मारतात. वाऱ्याने तिचे तुषार उडाले तर उसाला काही होत नाही, पण मेथी-गवारीची पाने वेडीवाकडी होतात, आणि उघड्या टाकीत काय पडले ते कळतही नाही. म्हणून बांधालगत काही फूट पट्टा मोकळा सोडून तेथे गजराजगवत लावले आहे. शेजाऱ्यांनी वारा पाहून फवारायचे कबूल केले आहे. तोंडी कबूल केले आहे. आम्ही ते वहीत लिहून त्यांची सही घेण्याच्या मागे आहोत.

पीजीएस गटाला पाच जण लागतात. तो धरून चार झाले आहेत. पाचवा जो तयार होता त्याने आडसाली लागण केली आणि डोस चुकवायचा नाही म्हणून माघार घेतली. त्यालाही आम्ही दोष देत नाही. गटाच्या लगतच्या शिवारात ज्या सभासदाचे दहा-वीस गुंठे रान गेल्या हंगामापासून रासायनिक खताविना असेल, मग तेथे भाजी असो की खोडव्याचा गुळाचा ऊस, त्याने सातबारा, पाणीपाळीची नोंद आणि असेल नसेल ती जुनी खतपावती घेऊन कोणत्याही गुरुवारी सकाळी शेतकी कचेरीत यावे. त्या दिवशी बाकीचे चौघेही तेथे असतात.